नग एक, वजन तेवढंच

कुपवाडला आमची भट्टी.
एरवी तिच्यात गिअर येतात, डाय येतात,
मोटारसायकलच्या पिना, किलोवर मोजून.
या मंगळवारी लाकडी खोक्यात, तीन पिशव्यांच्या आत
एकच नग आला:
नायोबियमचा, पाच किलो दोनशे ग्रॅम,
अरुंद तोंड, फुगीर पोट, पुन्हा अरुंद तोंड.
मी हातमोज्यांवर हातमोजे चढवले
आणि मनात म्हटलं, अगं बाई, हे तर पेव!

जेवताना अण्णांना सांगितलं.
हरिपूरच्या पेवांतनं हळद उपसण्यात त्यांची तीस वर्षं गेली,
महापुरात पेवं बुडाली तोवर.
"आत काय भरतात?"
काही नाही. हवासुद्धा काढून घेतात.
मग आत विजेची लाट खेळवतात,
लाटेवर बसून कण पळतात.
अण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत तसाच धरून ठेवला.
"रिकामं राखायला एवढा खर्च?"

रात्रपाळी.
पंप आधी धापा टाकतो, मग कुजबुजतो,
मग त्याचा आवाज म्हणजेच खोलीची शांतता.
आठशे अंश. तीन तास.
नगासोबत इंदूरहून आलेला निनाद खांडवेकर
बूट काढून खुर्चीत पेंगत होता.
संध्याकाळी त्यानं समजावलं होतं:
ॲसिडनं घासताना धातूत हायड्रोजन शिरतो.
उबेत गप्प बसतो, कुणाला दिसत नाही.
थंडी वाढली की गाठी धरतो,
आणि जिथं वीज कुठंच अडखळायला नको
तिथं, उणे दोनशे एकाहत्तरला, अडखळते.
म्हणून आधी तापवायचं.
थंडीत जे छळणार ते आत्ताच बाहेर काढायचं.

पडद्यावर वायूंचे खांब.
दोन नंबरचा हायड्रोजनचा.
चारशेला ढिम्म. पाचशेला जरा चुळबुळ.
सहाशेला असा उठला
की निनाद झोपेतनं चष्मा शोधायला लागला.

दोन चाळीसला लाइटनं झटका दिला.
ट्यूब दोनदा मिचकावली.
तापलेला नायोबियम हवा अधाशासारखा पितो,
मग ठिसूळ होतो, काचेच्या बांगडीसारखा.
व्हॉल्व्ह मिटला. जनरेटर खोकला, लागला.
आकडा हलला नाही.
मी श्वास सोडला; माझा, भट्टीचा नव्हे.

पेवाचं तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
तासभर, दोन तास, कधी अख्खा दिवस.
बाबगोंडा थांबला नाही.
व्यापारी घाईत होता, ट्रक उभा होता.
अण्णा अजून त्याचं नाव घेतात
तेव्हा आधी घड्याळाकडे बघतात.

मीही कंदीलच सोडून बसलेले,
फक्त माझा उलटा:
त्यांनी जळत राहायची वाट बघितली,
मी विझायची.
पहाटे पाचला दोन नंबरचा खांब
हरळीच्या पात्याएवढा उरला.
निनाद म्हणाला, "अजून अर्धा तास देऊया?"
मी चहा सांगितला.

निवायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली.
दार उघडलं.
नग होता तसाच, करडा, गप्प.
तिरप्या उजेडात तेवढे धातूचे कण मोठे झालेले दिसले,
खडीसाखरेसारखे, कडेकडेनं.
काट्यावर ठेवला: पाच किलो दोनशे.
जे गेलं ते आमच्या काट्याला कळत नाही.
चलनावर मी लिहिलं:
नग एक. वजन तेवढंच. उष्णताप्रक्रिया केली.
शेरा हा रकाना मोकळा सोडला.

घरी आले तर अण्णा ओट्यावर.
त्यांचे तळवे उन्हात अजून पिवळे दिसतात,
निदान मला तरी.
त्यांनी माझा हात ओढून नाकाशी नेला,
बराच वेळ हुंगला.
"कसलाच वास न्हाई गं," म्हणाले,
"जमलं म्हण की."